तिच्या नऊ तासिका

दि. ६ जुलै २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळीनंतर तुला पत्र नाही, फोनही नाही, याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्याकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. आज लिहायला बसलो त्याचे कारण तुझ्याखेरीज कोणाला कळणार नाही, कारण २००९ साली कोल्हापूरच्या बसस्थानकावर तू माझ्याशी कशावरून भांडलास, हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे.

परवा आमच्या गणित विभागाचा कार्यभार तक्ता, म्हणजे आठवड्याला कोणी किती तास शिकवायचे याचा हिशेब, तयार झाला. विभागप्रमुख म्हणून त्यावर सही मला करायची आहे. आमच्या दोन सहायक प्राध्यापकांचे प्रत्येकी १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक म्हणून माझे १४, असे पूर्णवेळ शिक्षकांचे ४६ तास होतात. गेल्या वर्षापर्यंत एकूण कार्यभार ५५ तासांचा भरत असे आणि उरलेले ९ तास मीराला तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मानधनावर, मिळत असत. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, मुख्य आणि गौण विषयांची नवी मांडणी झाली, आणि आमच्याकडची मुले संगणकशास्त्राकडे वळली. यंदा बेरीज ४६ वर येऊन थांबली. माझी सही झाली की पंधरा वर्षे शिकवणाऱ्या माझ्या बायकोला वर्गात जायला एकही तास उरत नाही.

तू म्हणशील, यात तुझा काय दोष? तेवढ्यासाठीच ती जुनी गोष्ट काढतो. अधिव्याख्यात्याची ती एकच जागा होती, आम्हा दोघांनाही मुलाखतीची पत्रे आली होती आणि आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. मीरा सेट, म्हणजे अध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा, पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेली, मी तिसऱ्या. एम.एस्सी.ला आपण दोघेही तिच्याच वह्यांवर तरलो. मुलाखतीच्या सकाळी ती म्हणाली, "तूच जा, तुझ्या घरची अडचण मोठी आहे, मला पुढच्या वर्षी मिळेल." मी "बरं" म्हणालो आणि इस्त्रीचा शर्ट अंगात घातला. संध्याकाळी तू मला विचारलेस, "तू तिला एकदा तरी चल म्हणालास का?" मला इतका राग आला की पुढची दोन वर्षे मी तुझ्याशी बोललो नाही.

पुढचे वर्ष कधी आलेच नाही. भरती थांबली, सुरू झाली, पुन्हा थांबली. राज्यात सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ पदांच्या भरतीची बातमी आली तेव्हा तिने प्रमाणपत्रांच्या प्रती नव्याने काढून घेतल्या, पण आमच्या संस्थेत गणिताची जागा निघाली नाही आणि बाहेरगावी जायचे तर मुलगा लहान होता. दर जूनला तीच मुलाखत द्यायची, तिथल्याच माणसांसमोर बसून स्वतःचे नाव सांगायचे, सुट्टीतले काहीच मिळणार नाही हे गृहीत धरायचे आणि झालेल्या तासांचे मानधनही महिनोन्महिने उशिरा घ्यायचे, हे तिने पंधरा वेळा केले.

तिला शिकवताना तू पाहायला हवे होतेस. मागच्या सत्रात मी व्हरांड्यातून जाता जाता थांबलो. एकसमान सांतत्य (आलेखाला सगळीकडे एकाच मापाची खिडकी पुरते, ही कल्पना) शिकवायला ती जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला आयताकृती खिडकी पाडून नेते. फळ्यावर एक्सवर्गाचा आलेख काढून ती खिडकी त्यावरून हळूहळू सरकवत होती. रुंदी तीच, उंची तीच. आरंभबिंदूजवळ वक्ररेषा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होती, पण खिडकी उजवीकडे वर नेल्यावर ती वरच्या कडेतून निसटली. मागच्या बाकावरची एक मुलगी चटकन म्हणाली, "मॅडम, खिडकी कितीही अरुंद केली तरी पुढे कुठेतरी निसटणारच." मीराने खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः बाकावर जाऊन बसली. माझ्या वर्गात असे वाक्य मला फार क्वचित ऐकायला मिळाले आहे.

आता जे तुला सांगायला जीभ अडखळते ते सांगतो. तक्ता पहिल्यांदा भरताना तास वाढावेत म्हणून मी २२ विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकाची एक तुकडी कागदावर दोन करून दाखवली. रात्री नेहमीप्रमाणे तिने बेरीज तपासायला घेतली. (आमच्या लग्नात तू म्हणाला होतास, यांच्याकडे वरणाला फोडणीसुद्धा आवश्यक आणि पुरेशा अटी तपासून पडेल, दुधाचा हिशेब अजून तसाच होतो.) तिने पेन्सिलीने त्या ओळीभोवती गोल केला आणि एवढेच म्हणाली, "ही तुकडी नाही. खोट्या आकड्यावर मिळालेला वर्ग मी घेणार नाही." मग उठून ती कणीक मळायला गेली.

अमेरिकन गणितज्ञ ज्युलिया रॉबिन्सनची हकिकत तूच आम्हाला कँटीनमध्ये सांगितली होतीस. नवरा बर्कलीला गणिताचा प्राध्यापक, आणि नवरा-बायकोने एका विभागात शिकवायचे नाही या नियमामुळे तिला त्या विभागात जागा नव्हती. हिल्बर्टच्या दहाव्या प्रश्नावर (एखाद्या बहुपदी समीकरणाला पूर्णांक उत्तर आहे का, हे ठरवणारी एक सर्वसाधारण रीत आहे का?) तिने वर्षानुवर्षे काम केले, १९७० साली रशियन गणितज्ञ मातियासेविचने तो सोडवला तो तिच्या कामाच्या आधारावर, आणि प्राध्यापकपद मिळाले ते १९७६ साली, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाल्यावर. तेव्हा मी त्या नियमावर फार तावातावाने बोललो होतो. आमच्या बाबतीत असा कोणताही नियम नव्हता. एक सकाळ होती आणि माझे "बरं" होते.

सुहास, तू बरोबर होतास. हे सोळा वर्षांत मी तुला म्हणालो नाही आणि तिलाही नाही. आता म्हणायला जावे तर ती समजेल की सहीची वाट मोकळी करून घेतो आहे. सहीनंतर म्हणावे तर त्याचा तिला काय उपयोग? खरे आकडे भरून तक्ता पुन्हा केला आहे आणि मंगळवारी तो द्यायचा आहे. त्याआधी, सोमवारी रात्री, तिच्याशी बोलायचे मी ठरवले आहे; तुला लिहिले की माघार घेता येणार नाही, म्हणूनही हे पत्र.

तुझ्या बदलीचे काय झाले ते कळव. चिन्मयीला अकरावीला विज्ञान मिळाले हे ऐकून आनंद झाला. गणितात काही अडले तर तिला सुट्टीत इकडे पाठव. वहिनींना नमस्कार.

आणि बुधवारी फोन कर. मला नको, मीराला कर.

तुझा,
अभय