‘वैयक्तिक कारणास्तव’ या दोन शब्दांनी माझा भत्ता गेला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात कामगारांच्या प्रश्नोत्तरांच्या सदरात एका वाचकाला उत्तर दिलं आहे की, कामावरून कमी करताना कंपनीने एकरकमी भरपाई दिली असेल तर ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) बेकारी भत्ता मिळत नाही, म्हणून अर्ज करून उपयोग नाही. हे चूक आहे. मी रात्रपाळी करून सकाळी घरी आलो, चहा घेताना हे वाचलं आणि दिवसभर डोळा लागला नाही. ते उत्तर वाचून आमच्या वाळूज एमआयडीसीच्या बजाजनगर-रांजणगावात कोणीतरी भरलेला फॉर्म बाजूला ठेवून दिला असेल. त्याचे पैसे तुमच्या चार ओळींनी बुडतील.

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ पासून ती सुरू आहे. काम गेल्यावर सरासरी रोजाच्या काही टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. आधी २५ टक्के होती, कोविडच्या वर्षी ५० केली. काम जाण्याआधी किमान दोन वर्षं विमा पाहिजे आणि ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलं असेल, वयाने निवृत्त झाला असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर मिळत नाही. या यादीत भरपाईचं नाव नाही. कामगार कपातीची भरपाई हा आधी केलेल्या नोकरीचा मोबदला आहे, वर्षाला १५ दिवसांचा पगार, १९४७ च्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-एफ कलमाने दिलेला. ती मिळाल्याचा कागद हातात असेल तर काम आपण सोडलं नाही, आपल्याला कमी केलं, हे त्यातूनच दिसतं.

मला हे इतकं पाठ का आहे ते सांगतो.

वाळूजच्या एका कंपनीत मी १६ वर्षं प्रेस शॉपला होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आमची लाइन दुसऱ्या प्लँटला हलवली आणि आम्हा एकोणतीस जणांना कँटीनवरच्या हॉलमध्ये एकेक करून बोलावलं. टेबलावर कागद आधीच छापून ठेवलेला. ‘मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.’ खाली माझं नाव, टोकन नंबर, फक्त सहीची जागा मोकळी. मी म्हणालो, “साहेब, माझं काय वैयक्तिक कारण? मशीन तर तुम्ही हलवलं.” ते म्हणाले, “काका, ही नुसती पद्धत असते. सही करा, दोन दिवसांत दोन लाख दहा हजार खात्यात जमा. नाही केली तर मग पैसे कधी मिळतील ते आम्हालाही सांगता येणार नाही.”

गावाकडे पैठण तालुक्यात वेचणीला आलेला कापूस त्या ऑक्टोबरच्या पावसाने भिजून गेला होता. मुलीच्या नर्सिंगच्या फीची तारीख आठ दिवसांवर होती. मी सही केली. दोन लाख दहा हजार एकदम मी कधी पाहिले नव्हते.

त्या रकमेचा हिशेब मी फार उशिरा वहीत मांडला. मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून माझे १५,६०० होते. त्यावर १६ वर्षांची ग्रॅच्युइटीच १ लाख ४४ हजार होते. ती राजीनामा दिला तरी मिळतेच, ती काही कंपनीची मेहरबानी नाही. उरले ६६ हजार, त्यातही शिल्लक रजांचे पैसे धरलेले. एकूण पगार १८,२०० होता, म्हणजे कायद्याने कमी केलं असतं तर १६ वर्षांची भरपाई १ लाख ४५ हजार ६०० आणि नोटिशीचा एक महिन्याचा पगार वेगळा. ग्रॅच्युइटी मिळवून तीन लाख सात हजार आठशे. मी दोन लाख दहा हजार घेऊन साहेबांचे आभार मानून आलो.

जानेवारीत ईएसआयच्या कार्यालयात गेलो. फॉर्म, आधार, पासबुक, प्रतिज्ञापत्र, सगळं नीट लावून नेलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवला. कंपनीने माझ्या नावापुढे ‘नोकरी सोडली’ असं भरलं होतं. मीही तेव्हा तुमच्या सदरासारखंच समजत होतो. विचारलं, “मला दोन लाख मिळाले म्हणून नाही म्हणता का?” त्या म्हणाल्या, “दादा, पैशाचा काही संबंध नाही. तुम्ही स्वतःहून सोडलं असं तुमचाच कागद म्हणतो.” त्यांनी शांतपणे समजावलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या रोजाच्या हिशेबाने साधारण २७ हजार मिळाले असते. आज आकडा लहान वाटेल. तेव्हा तीन महिन्यांचं घरभाडं आणि किराणा त्यात निघाला असता. १६ वर्षं दर महिन्याला पगारातून ईएसआय कापून गेली होती ती अशाच दिवसांसाठी ना?

आमच्या एकोणतीस जणांतल्या एकाने सही केली नव्हती. दीड महिना तो रोज पाळीच्या वेळेला डबा घेऊन गेटवर जायचा आणि परत यायचा. आम्ही त्याला वेड्यात काढलं, मीही काढलं. शेवटी कंपनीने त्याला कपातीचं पत्र दिलं, भरपाई दिली, आणि पुढे त्याला ईएसआयचा भत्ताही मिळाला. भरपाई आणि भत्ता, दोन्ही एकाच माणसाला, एकाच कंपनीतून काढल्यावर. तुमच्या सदराने लिहिलेलं खरं असतं तर हे झालंच नसतं.

दबावाखाली घेतलेल्या राजीनाम्याविरुद्ध भांडता येतं, हेही मला कोणी सांगितलं नाही. जुन्या कायद्यात त्याला तीन वर्षांची मुदत होती. माझी गेल्या नोव्हेंबरमध्ये संपली. त्याच महिन्यात, २१ नोव्हेंबर २०२५ ला, नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात कमी केलेल्या कामगाराच्या खात्यावर ४५ दिवसांत आणखी १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम जमा करायची तरतूद आहे. पण तीही ‘कमी केलेल्या’ माणसासाठी. राजीनामा लिहून दिलेल्याला तीही नाही. म्हणजे त्या दोन शब्दांची किंमत आता आणखी वाढली आहे, आणि नेमकं हेच तुमच्या उत्तरात नव्हतं. सही करण्याआधी कागदावर कारण काय लिहिलंय ते वाचा, कंपनीने ऑनलाइन काय कारण भरलंय ते तपासा, एवढं जरी छापलं असतं तरी मी तुम्हाला धन्यवादाचं पत्र लिहिलं असतं.

म्हणून विनंती आहे की दुरुस्ती छापावी, आणि त्याच पानावर, त्याच जागी छापावी. आतल्या पानावर तळाला दोन ओळी टाकल्या तर ज्याने ते उत्तर वाचलं त्याला ती दिसणार नाही.

पत्र लिहितोच आहे तर आणखी एक. त्या सदराच्या खालीच तुम्ही ‘नामांकित कंपनीत त्वरित भरती’ अशा छोट्या जाहिराती छापता. २०२३ च्या उन्हाळ्यात अशाच एका नंबरवर मी फोन केला होता. नोंदणीचे म्हणून पंधराशे रुपये घेतले, एका पत्त्यावर पाठवलं, तिथे कुलूप होतं. नंतर फोन बंद. तुमच्या कार्यालयात येऊन सांगितलं तर जाहिरातीची जबाबदारी आमची नाही असं उत्तर मिळालं. काम गेलेला माणूस ते पान सगळ्यात आधी उघडतो. तो नंबर कुणाचा आहे एवढं तरी पैसे घेण्याआधी तपासत जा.

मी आता एका गोदामावर रात्रीचा वॉचमन आहे. मुलगा याच एमआयडीसीत कामाला लागला आहे, म्हणून माझं नाव छापू नये. माझ्या राजीनाम्याची आणि नाकारलेल्या अर्जाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. नाव आणि टोकन नंबर खोडून राजीनाम्याचा कागद छापला तरी माझी हरकत नाही. मजकूर सगळीकडे तोच असतो, पाहिला की ओळखू येईल.

आपला,
एक जुना वाचक
बजाजनगर, वाळूज