सेन्सर कुठे बसवायचा ते आधी ठरवा

संपादक साहेब, नमस्कार.

तडे ओळखायला पुलांना सेन्सर लावा अशी पत्रं तुमच्याकडे येतात, चांगलंय, पण नुसते चिकटवून काय होणार? माझे वडील भुसावळला रेल्वेत होते, चाकावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखायचे. गाइडेड वेव्ह म्हणजे पत्र्यातून लहर सोडून तडा शोधायच्या पद्धतीचंही थोडंफार तसंच, पिझो सेन्सर (वीज दिली की थरथरणारा छोटा तुकडा) पोलादी पत्र्यात बारीक लहर सोडतो, दुसरा पकडतो, मधे तडा असला की लहर बदलते. (पातळ पत्र्यातल्या ह्या लहरींचं गणित होरेस लॅम्ब ह्या इंग्रज गणितज्ञाने 1917 लाच मांडलंय.)

पण तडा दोन सेन्सरमधल्या वाटेपासून लांब असला तर निसटू शकतो, सेन्सर फार दूर ठेवले तर लहर मधेच विरते, आणि बोल्ट, वेल्डिंगवरून पण ती परत फिरते म्हणजे गोंधळ. म्हणून आधी कुठे ताण जास्त, कुठे गंज धरतो ते बघून जागा ठरवायला पाहिजे. त्यात आपल्याकडचं ऊन! लोखंड तापलं की लहरीचा वेग बदलतो, मग जानेवारीच्या पहाटेचं रीडिंग धरून मे महिन्यातल्या दुपारी तुलना केली तर धडधाकट पूलही आजारी दिसेल, सावद्याच्या केळीच्या गाड्या उगाच अडतील. टेंडर काढणाऱ्यांनी सेन्सरच्या आकड्यासोबत ते कुठे बसवणार त्याचा नकाशाही मागावा.

– एक वाचक, भुसावळ