डेकच्या फळ्यांमधली फट नवतप्याच्या हिशेबाने ठेवा

महोदय,

नागपुरात बेसा, मनीषनगर, हिंगणा रस्ता या बाजूंच्या नव्या घरांच्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांत लाकडासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम फळ्यांचे डेक, म्हणजे मूळ जमिनीवर सांगाडा टाकून केलेली फळ्यांची जमीन, आता दिसू लागले आहेत. निवड चुकीची नाही. सागवानाच्या डेकला दरवर्षी तेल द्यावे लागते, नाहीतर तो करडा पडतो. मात्र 'एकदा बसवा आणि विसरा' या भरवशावर लोक रंग पाहून फळी निवडतात आणि बाकी सगळे कारागिरावर सोडतात. मग पहिल्याच मे महिन्यात फळ्या कमानीसारख्या उचलल्या जातात आणि बोल मालाला लागतो. खरा दोष बहुधा फटीचा असतो.

हिशेब सोपा आहे. या फळ्या बहुधा डब्ल्यूपीसीच्या असतात, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या. नुसते लाकूड उन्हाने लांबीत फारसे वाढत नाही. ही फळी वाढते, दर मीटरला दर अंशामागे साधारण ०.०४ मिलिमीटर. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान पाहिले आहे आणि ते सावलीतले. उघड्या गच्चीवरची गडद फळी ६५ अंशांपर्यंत सहज तापते. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी १० अंशांना बसवलेली २.९ मीटरची फळी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सहा मिलिमीटरहून जास्त लांब होते. टोकाला टोक भिडवले असेल तर ती जाणार कुठे? वरच उठणार. म्हणून थंडीत काम करताना टोकाशी ६ ते ७ मिलिमीटर फट सोडावी. मे महिन्याच्या दुपारी बसवत असाल तर ३ पुरे, कारण फळी आधीच वाढलेली असते. भिंतीलगत १० मिलिमीटर. शेजारच्या दोन फळ्यांमधली फट त्यांना सांगाड्याला पकडणाऱ्या क्लिपमुळे आपोआप राहते, लांबीची राहत नाही. ती मोजूनच ठेवावी लागते. प्रत्येक फळी मधोमध एका जागी स्क्रूने पक्की करावी, म्हणजे ती दोन्ही बाजूंना सारखी वाढते आणि उताराकडे सरकत नाही.

माल घेताना आधी नावाची गल्लत टाळा. किचन ट्रॉलीसाठी 'डब्ल्यूपीसी' म्हणून मिळणारा हलका पांढरा बोर्ड हा पीव्हीसी या प्लॅस्टिकचा फोम असतो. तो डेकच्या कामाचा नाही. डेकच्या फळीतही दोन जाती आहेत. साध्या फळीत भुसा पृष्ठभागावर उघडा असतो. ती पहिल्या काही महिन्यांत फिकी पडते आणि पावसाळ्यात तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. दुसरीवर प्लॅस्टिकचे कवच असते. ते चारही बाजूंनी आहे का, हे कापलेल्या टोकाकडे पाहून तपासा. स्वस्त मालात कवच फक्त वर असते आणि पाणी खालून शिरते. एक तुकडा मागून घ्या, वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून पुसून पुन्हा वजन करा. चांगल्या कवचाच्या फळीत वाढ एक टक्क्याच्या आत राहते. तोच तुकडा दुपारी दोन वाजता उन्हात ठेवून त्यावर तळवा टेकवून पाहा. कॉफी आणि कोळशी रंग कॅटलॉगमध्ये देखणे दिसतात, पण आपल्या उन्हात अनवाणी पाऊल त्यावर टिकत नाही. आमचे मत स्पष्ट आहे: उघड्या गच्चीवर फिका राखाडी किंवा वाळूचा रंग घ्यावा. निव्वळ पीव्हीसीची गडद फळी इथे घेऊच नये. पीव्हीसी ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि तापलेली फळी त्याच्या फार जवळ जाते. समोर परावर्तक काच असेल तर तिचा झोत पडतो त्या पट्ट्यात फळ्या वाकू शकतात, हेही पाहून ठेवा.

खालचा सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपचा करावा. पाइनच्या पट्ट्या स्वस्त पडतात, पण फळीला न लागणारी वाळवी त्यांना लागते. सांगाड्याच्या दोन आधारांमधले अंतर ३०० मिलिमीटर ठेवा. कंपनीच्या पत्रकावर ४०० लिहिलेले असले तरी तापलेले प्लॅस्टिक वजनाखाली हळूहळू झोळ धरते. आधार पाण्याच्या उताराच्या दिशेनेच टाकावेत, आडवे टाकले तर प्रत्येकामागे डबके होते. स्लॅबला ड्रिल मारू देऊ नका, वॉटरप्रूफिंग जाते. दर दीड-दोन फुटांवर रबरी पॅड ठेवून त्यावर सांगाडा बसवता येतो.

१० बाय १२ फुटांच्या गच्चीला लागणारा माल असा: १४६ मिलिमीटर रुंद, २.९ मीटर लांब फळ्या २८. ॲल्युमिनियमचे आधार १६, कारण सांधा येतो तिथे ते जोडीने लागतात. एकूण सुमारे ४९ मीटर. स्टेनलेस स्टील ३०४ च्या क्लिपा सव्वातीनशेच्या घरात. साध्या लोखंडी क्लिपा गंजतात आणि फळीवर तपकिरी ओघळ उतरतात. छोट्या बाल्कनीला, विशेषतः भाड्याच्या घरात, एकमेकांत अडकणाऱ्या एक फुटी डेक टाइल्स पुरतात.

आता कूलर. डेकवर कूलर ठेवणार असाल तर आधीच सांगा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तेही चार पायांवर. प्रत्येक पायाखाली आधार यायला हवा. टाकीतून ठिबकणाऱ्या बोअरच्या पाण्याचे पांढरे थर फळीवर बसतात. ते पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसावेत, ॲसिडने मुळीच नाही. रबरी तळाची पायपुसणी ठेवू नये, तिचा डाग जात नाही. दिवाळीत फुलबाज्या आणि अनार डेकपासून दूर लावावेत. फळीतले प्लॅस्टिक वितळून पडलेला खड्डा कवचाच्या फळीवर घासून काढता येत नाही.

एक गोष्ट मात्र जिवाशी गाठ घालणारी आहे. पॅड, आधार आणि फळी मिळून जमीन अडीच इंच वर येते, म्हणजे कठडा तेवढाच बुटका होतो. घरात लहान मुले असतील तर डेकआधी रेलिंग उंच करून घ्या. दाराचा उंबराही तपासा, नाहीतर पहिल्याच वळिवाचे पाणी खोलीत येईल.

आणि गच्चीचे पाणी वाहून जाण्याच्या जाळीवरची फळी स्क्रूने बंद करू देऊ नका. ती उचलता येईल अशी ठेवा आणि मृग लागण्याआधी, नंतर पावसाळ्यात दर पंधरवड्याला, ती उचलून खालचा पालापाचोळा काढा. डेकखाली आठवडाभर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि वरून ते कोणालाच दिसत नाही.

— बांधकाम साहित्याचे जाणकार वाचक, नागपूर