एक्का-राजा टाकला, सुध्या

प्रिय सुध्या,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही, तेव्हा तू घातलेल्या शिव्या मला पोचल्या असं समज. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच.

लिहायला बसलो कारण परवा पोकरच्या टूर्नामेंटमध्ये एक डाव झाला आणि तो दिग्याला सांगण्यात अर्थ नाही. तो ‘मग जिंकलास का?’ एवढंच विचारणार. तुला सगळा सांगतो. हसू नकोस.

पहिलीच लेव्हल, म्हणजे पहिला टप्पा. स्टॅक, म्हणजे पुढ्यातल्या चिप्स, २०,०००; आधीच सक्तीने भरायचे ब्लाइंड १००/२००, आणि अँटी सगळ्या टेबलाची मिळून २००. बटनाच्या (शेवटी बोलणाऱ्याच्या) अलीकडच्या जागेवर मला इस्पिक एक्का आणि बदाम राजा. पैज ५०० केली. बटनवाल्याने १,८००, बाकीचे गळाले. मी ४,५००. त्याने चष्मा वर सरकवला आणि ऑल-इन म्हणाला, म्हणजे सगळ्या चिप्स आत. त्याचेही २०,०००.

पत्ते टाकले मी, फोल्ड. एक्का-राजा, पहिल्या लेव्हलला! ‘सुरुवातीलाच सगळं लावू नये, शिर सलामत तर पगड्या पचास’ म्हणून दहा वर्षं तू माझं डोकं खाल्लंस, मी तुला भित्रा म्हणालो, अप्पांच्या गच्चीवर त्यावरून आपलं बोलणं बंद झालं, आणि शेवटी तुझीच पगडी माझ्या डोक्यावर.

तू जिंकलास असं मात्र समजू नकोस. हिशोब बघ. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, माझे ४,५००, त्याचे २०,०००, वर ब्लाइंड-अँटीचे ५००, एकूण २५,०००. मला भरायचे १५,५००. म्हणजे ४०,५०० च्या पॉटसाठी १५,५००, कमीत कमी ३८.३ टक्के वेळा जिंकायला हवं. आता समोर काय असेल? एक एक्का आणि एक राजा माझ्याकडे, म्हणून दोन पत्त्यांच्या शक्य जोड्यांपैकी एक्क्यांच्या तीनच उरतात, राजांच्याही तीन. राण्यांच्या सहा. एक्का-राजाच्या नऊ. माझे टक्के एक्क्यांपुढे सातेक, राजांपुढे तीस, राण्यांपुढे त्रेचाळीस, एक्का-राजापुढे निम्मे. एकवीस जोड्यांची सरासरी येते ३९. म्हणजे कॉल, तेवढेच भरणं, बरोबर, पण फायदा किती? तीनशेच्या आत-बाहेर चिप्स. दीड मोठा ब्लाइंड!

आणि ही सरासरी त्या नऊ जोड्यांवर उभी आहे. तो एक्का-राजा फक्त एकाच रंगाचा असेल तर ऑल-इन करतो असं धर. मग नऊच्या दोनच राहतात, किलवर आणि चौकट, आणि मी ३३ वर येतो. एक्का-राजा मुळीच नसेल तर ३१. फक्त एक्के आणि राजे असतील तर १८-१९. उलट तो अधूनमधून एक्का-पंजी एका रंगात घेऊन घुसणारा असेल, तर त्या तीनच जोड्या मिळवल्या की मी ४३ च्या जवळ. तीन जोड्यांनी चार टक्के हलतात, सुध्या! म्हणून ‘सुरुवातीलाच सगळं लावावं का’ हा प्रश्नच मला आता बावळट वाटतो. लावणारा कोण आहे, हा प्रश्न.

तुझा तो जुना मुद्दा, की गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा महाग असते. मान्य, अर्धा. दहा जणांचं टेबल, बक्षिसं ५०-३०-२० टक्के. पहिल्याच डावात दुप्पट झालास तर बक्षिसांतला तुझा वाटा १० टक्क्यांचा २० होत नाही, १८.४ होतो. म्हणजे बरोबरीच्या पैजेला ५० नाही, ५४.२ टक्के लागतात. पण शेकडो खेळाडू असतील तर सुरुवातीला हा फरक अगदी थोडा. तो खरा चावतो बक्षिसांची रेघ जवळ आल्यावर. तू पहिल्या लेव्हलला त्याची भीती घेऊन बसतोस आणि रेघेवर विसरतोस. (हे मी तोंडावर बोललो असतो तर अजून एक गच्ची झाली असती.)

राहिला ‘मी इतरांपेक्षा बरा खेळतो, मग आत्ताच जुगार का’ हा मुद्दा. १,०२४ जणांत पहिलं यायला स्टॅक दहा वेळा दुप्पट व्हावा लागतो. दर वेळी ५० टक्के धरले तर १,०२४ मध्ये एकदा. दर वेळी ५४ धरले तर साधारण ४७४ मध्ये एकदा, दुपटीहून जास्त. म्हणजे फार बरा खेळाडूसुद्धा एका दुपटीमागे चारच टक्क्यांनी पुढे असतो. तेव्हा साठ टक्क्यांची संधी ‘अजून लवकर आहे’ म्हणून सोडणं हा शहाणपणा नाही, आळस आहे. आणि तू आठांच्या जोडीला तिसरा आठ लागून सेट झाला तरी फक्त कॉल करत बसलास, ते मी विसरलेलो नाही.

लवकर बाहेर जाणारे बहुतेक एक्का-राजाने जातही नाहीत. ते जातात एका जोडीने. फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत) राजा लागला, पुढे प्रत्येक फेरीला पैसे लावत गेले आणि शंभर ब्लाइंड आत. पुढ्यात शंभर ब्लाइंड असताना समोरचा रिव्हरवर, शेवटच्या पत्त्यावर, सगळं लावतो तेव्हा त्याच्याकडे एक जोडी क्वचितच असते. बाकी नशीब आहेच. २०१७ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला व्हेनेसा सेल्बस्ट पहिल्याच लेव्हलला गेली. हातात दोन एक्के, फ्लॉपवर तिसरा, पुढे फुल हाउस (एका पत्त्याचे तीन, दुसऱ्याचे दोन), आणि समोर गेल बॉमनकडे चार सत्ते. त्यावर कुणी काय शिकायचं?

री-एन्ट्री, बाहेर गेल्यावर पुन्हा फी भरून येण्याची सोय, होती ना, म्हणशील. होती. पण दुसऱ्यांदा फी भरून लगेच आलो तर शंभर ब्लाइंड मिळतात. ब्लाइंड वाढून ५००/१,००० झाल्यावर आलो तर तेच २०,००० म्हणजे वीस ब्लाइंड. आणि री-एन्ट्री आहे म्हणून वाईट कॉल चांगला होत नाही.

मला खरं टोचतंय ते वेगळंच. ४,५०० करताना तो ऑल-इन म्हणाला तर काय, हे मी ठरवलंच नव्हतं. तीन रस्ते होते. १,८०० नुसते भरायचे. पण जागा वाईट, तो माझ्यानंतर बोलणार, आणि एक्का-राजाला फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरं काही तीनातून एकदाच लागतं. ४,५०० करून ऑल-इनला टाकायचं. नाहीतर ४,५०० करून डोळे मिटून भरायचं. शेवटचे दोन्ही चालतात, पण चिप्स पुढे सरकवायच्या आधी ठरवलेले. मी त्याचा चष्मा बघितल्यावर ठरवायला लागलो. आकडेमोड वर केली आहे ती सगळी घरी, रात्री दोनला. टेबलावर फक्त पोटात गोळा होता. आता ३९ आणि ३८.३ मांडून तो गोळा झाकतोय की काय, हे तूच सांगू शकतोस.

त्याने पत्ते दाखवले नाहीत. नऊपैकी किती एक्का-राजा देशील त्याला? चाळीस मिनिटांत त्याने त्याआधी दोनदाच पैज वाढवली होती.

तुझी बदली झाली म्हणे, अभिनंदन. की सांत्वन? वहिनींना नमस्कार, चिन्याला शाळा आवडली का? नवा पत्ता कळव. अप्पांच्या गच्चीबद्दल मी बोललो ते जास्तच होतं, हेही लिहून टाकतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. ४,५०० ऐवजी ४,००० केले असते तर १६,००० भरावे लागले असते, म्हणजे ३९.५ टक्के. सरळ फोल्ड. हे पत्र लिहावंच लागलं नसतं.