संकेतस्थळाचा चार्ज कोण घेतो?

महोदय,

सरकारी कार्यालयात अधिकारी बदलला की दप्तराची यादी होते, सह्या होतात, मगच चार्ज दिला-घेतला जातो. कागदांची वर्गवारीही ठरलेली आहे: 'अ' वर्ग कायम जपायचा, 'ब' वर्ग ३० वर्षे, 'ड' वर्ग वर्षभर. संकेतस्थळाचा ठेकेदार बदलतो तेव्हा मात्र जुनी अंदाजपत्रके, निविदा, ठराव कुणाच्या ताब्यात गेले, हे विचारायचे तरी कुणाला?

आपल्या शहरातल्याच एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर मी जुनी अंदाजपत्रके शोधत होतो. बरेच दुवे बंद. एक फाइल उघडली, तर पान तिरके स्कॅन केलेले आणि उजवीकडचा रकमांचा रकाना अर्धा कापलेला. दुसरीत मजकूर युनिकोडमध्ये नव्हता, कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये होता. माझ्या संगणकावर ओळीच्या ओळी रोमन अक्षरे आणि चिन्हे उमटली. चौकशी केली, तर उत्तर मिळाले, 'माहिती अधिकारात अर्ज टाका.' वास्तविक २००५ च्या त्या कायद्याचे कलम ४ म्हणते की अभिलेखांची सूची ठेवावी, ते संगणकावर आणावेत आणि माहिती आपणहून खुली करावी, म्हणजे लोकांवर अर्जाची वेळच कमी येईल.

मार्च २०२२ मध्ये सोलापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकांचा काळ सुरू झाला. सभागृहात जाब विचारणारे नगरसेवक नसताना झालेल्या निर्णयांच्या नोंदी तर जिवापाड जपायला हव्यात.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी राज्यभर मोडी दप्तरे धुंडाळली गेली. ती वाचता आली, कारण पिढ्यानपिढ्या कुणीतरी ती रुमालात बांधून ठेवली होती. अर्थात नुसत्या कागदावर विसंबूनही चालणार नाही. २१ जून २०१२ च्या मंत्रालयातील आगीत फायलींचे काय झाले, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. कागद आणि डिजिटल प्रत, दोन्ही हवे, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी.

जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांना विनंती आहे की जुना मजकूर आहे त्याच पत्त्यावर उपलब्ध ठेवण्याची अट ठेकेदाराच्या करारातच घालावी. संकेतस्थळावरच्या प्रत्येक दस्तालाही वर्ग लावावा. नवे संकेतस्थळ सुरू करण्याआधी जुन्यातल्या फायली उघडून, मोजून ताब्यात घ्याव्यात आणि ती यादी, चार्ज घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावासह, तिथेच प्रसिद्ध करावी.

— एक नागरिक, सोलापूर