बाबा पडले ते मला बारा दिवसांनी कळलं

देजॉन, दक्षिण कोरिया, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी बाबांवर ओरडले. आई, स्पीकर चालू होता, तूही ऐकलंस. बाबा न्हाणीघरात घसरले, मनगटाला प्लास्टर घातलं, आणि हे मला बारा दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळावं! "तुला तिथे उगाच घोर कशाला," असं तू म्हणालीस आणि माझा तोल सुटला. दोन रात्री झोप नाही. पुन्हा फोन केला तर पुन्हा चिडेन, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुम्ही दर वेळी विचारता, तिथली माणसं कशी आहेत गं? मी थंडीवर आणि किमचीवर भागवते. आज नीट सांगते.

इथे हजार वॉनच्या नोटेवर राजा नाही, सेनापती नाही. एक म्हातारे गुरुजी आहेत, त्वेग्ये, म्हणजे यी ह्वांग. सोळाव्या शतकातले. पाच हजारांच्या नोटेवर त्यांच्यापेक्षा ३५ वर्षांनी लहान असलेले दुसरे विद्वान युलगोक, आणि आई, तुझ्यासाठी खास, पन्नास हजारांच्या सगळ्यांत मोठ्या नोटेवर या युलगोकची आई, शिन सायमदांग. मायलेक दोघंही नोटांवर.

गेल्या शरदात मी अंदोंगजवळ त्वेग्येंची शाळा बघायला गेले होते. त्यांच्या पश्चात तिथे मोठं विद्यालय उभं राहिलं, ते आता युनेस्कोच्या यादीत आहे. पण त्यांनी स्वतः बांधून घेतलेली वास्तू इवलीशी आहे: एक स्वयंपाकाची जागा, एक खोली, एक लाकडी ओसरी. बास. खोली आपल्या माजघराहून लहान. ओसरीच्या फळ्या पाय लागून लागून गुळगुळीत झाल्या आहेत. अंगणात आलुबुखाराच्या जातीची झाडं, त्यांच्या फुलांवर गुरुजींचा फार जीव. शेवटच्या दिवशीही त्या झाडाला पाणी घाला म्हणाले, असं सांगतात.

त्या ओसरीसमोर उभी असताना बाबा, मला तुम्ही आठवलात. कारण त्वेग्येंचं सगळ्यांत गाजलेलं काम एक पत्रव्यवहार आहे. १५५९ साली ते ५८ वर्षांचे, देशातल्या सर्वोच्च विद्यालयाचे प्रमुख राहिलेले. गी देसुंग नावाचा ३२ वर्षांचा तरुण, नुकताच परीक्षा पास झालेला. त्याला गुरुजींचं एक मत पटलं नव्हतं, ते त्यांच्या कानावर गेलं. तर गुरुजींनीच आपण होऊन त्याला पत्र लिहिलं, की मी माझी वाक्यरचना बदलून पाहिली आहे, आता कशी वाटते सांग. पुढे आठ वर्षं पत्रं चालली. तरुण मुद्दे खोडायचा, म्हातारा काही मान्य करायचा, काहीवर ठाम राहायचा. दोघांनीही एकमेकांचा मान कमी केला नाही.

वाद कशावर, तर मनात दया, लाज, नम्रता, बऱ्यावाइटाची जाण उमटते ती एकीकडे, आणि आनंद, राग, दुःख, भीती, प्रेम, द्वेष, हाव हे सात विकार दुसरीकडे. यांचा उगम एकच की वेगळा? त्वेग्ये म्हणत, वेगळा. दया थेट तत्त्वातून येते, राग शरीराच्या ऊर्जेतून. घोडा आणि स्वार जसे. स्वार सावध असेल तर घोडा वाट सोडत नाही. गी देसुंग म्हणे, स्वार आणि घोडा वेगळे काढून दाखवता येत नाहीत, दया हीसुद्धा भावनाच आहे, नेमकी वाटेवर चाललेली.

माझ्या परवाच्या रागाचं मी दोन दिवस हेच करते आहे. तो राग तुमच्या मनगटासाठी होता का? अर्धा होता. उरलेला अर्धा माझी भीती होती, आणि मला वगळलं याचा अपमान. ओरडताना घोड्यावर कोणी नव्हतं बाबा. माफ करा.

पण तुमचंही चुकलं, आणि ते मी सोडणार नाही.

आमच्या गल्लीत पहाटे एक हालमोनी येते. हालमोनी म्हणजे आजी. ऐंशीच्या घरातली, कंबरेत पार वाकलेली. हातगाडीवर पुठ्ठे गोळा करून रद्दीवाल्याला विकते. माझी खोकी मी दोन्ही हातांनी देते, इथली रीत आहे. एकदा तिने कोटाच्या खिशातून एक पर्सिमनचं फळ काढून माझ्या हातावर ठेवलं, थंडीत हातमोजे न घातलेल्या बोटांनी. गुडघ्याला पट्टा दिसला म्हणून विचारलं, मुलाला सांगितलंत का? म्हणाली, तो सोलमध्ये असतो, कामात असतो, त्याला कशाला सांगायचं. आई, अगदी तुझंच वाक्य, फक्त कोरियनमध्ये.

या देशात ६५ वर्षांवरच्या दर दहा माणसांतली जवळपास चार गरिबीत आहेत. श्रीमंत देशांत इतकं कुठेच नाही. आणि हाच देश 'ह्यो' म्हणजे आईवडिलांची सेवा शतकानुशतकं घोकत आलेला. सरकारी पेन्शन १९८८ मध्ये सुरू झाली, तोवर या पिढीची उमेदीची वर्षं सरत आली होती. होतं ते पोरांच्या शिक्षणात घातलं. २००० साली गरिबांच्या मदतीचा कायदा आला, त्यात अट अशी की कमावतं मूल असेल तर आधी त्याची जबाबदारी. मग मूल वर्षानुवर्षं विचारत नसलं तरी म्हाताऱ्या बाईने नातं तुटल्याचं पटवून द्यायचं. कोणती आई सरकारी खिडकीपाशी उभी राहून हे सांगेल? निर्वाहभत्त्यासाठीची ती अट २०२१ मध्ये बऱ्याच अंशी गेली. मला वाटतं, सेवेचा आदर्श खोटा नव्हता. त्यातलं बोलणं गळून पडलं आणि कर्तव्य तेवढं कागदावर उरलं.

मीही तेच करत होते. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवले की हुश्श. चीनच्या कन्फ्यूशियसने म्हटलंय की खायला तर आपण कुत्र्याघोड्यांनाही घालतो, आदर नसेल तर आईवडिलांना जेवू घालण्यात वेगळं काय? इथले जुने पंडित हे पाठच करत. त्वेग्ये ज्या 'ग्योंग' या शब्दाभोवती आयुष्यभर फिरले, तोही हाच, मन जागेवर ठेवून समोरच्याकडे बघणं. मी तुमच्याकडे स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चौकोनात बघत होते, एका हाताने ईमेल चाळत.

आणखी एक, आई. २०२४ मध्ये इथला पितरांचा सण चुसोक नेमका आपल्या अनंत चतुर्दशीला आला होता, दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागला. इथल्या सुनांची पाटावर जेवण मांडता मांडता कंबर मोडते. म्हणून २०२२ मध्ये कन्फ्यूशियन पंडितांच्या मुख्य संस्थेनेच जाहीर केलं की तळणाची काही गरज नाही, थोडकं मांडलं तरी चालतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पितरांचं करण्याचा मान थोरल्या मुलाचाच असं नाही, आपसात ठरलं नाही तर मुलांमध्ये जे वयाने मोठं त्याचा, मुलगी असली तरी. बाबा, "मुलगा नाही, आमचं कोण करणार" हे आत्याने माझ्यासमोर म्हटलं होतं तेव्हा तुम्ही गप्प बसला होतात. मी करेन. पण त्याआधी जिवंतपणीचं काय ते मला सांगत जा.

मी फेब्रुवारीत तीन आठवडे सांगलीला येते, तिकीट काढलंय. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा आहे, तोवर रबरी मॅट टाका. बाबा, डावा हात चालतोय ना? मग या पत्राचं उत्तर लिहा, जिथे पटलं नाही तिथे तसं लिहा. आणि आई, एक्स-रेचा फोटो आजच व्हॉट्सॲपवर पाठव, उजेडासमोर धरून. बाबांवर सोडू नकोस, ते उद्यावर टाकतील.

तुमची,
मनू