शाळेचा जमाखर्च दारातल्या फळ्यावर लिहा

महोदय,

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्याच बडोद्यात नातीच्या सरकारी शाळेत पालकसभेला गेले. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. एक आत, दुसरी बाहेरून दार धरून उभी. पाहून जीव तुटला. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटानुसार वार्षिक अनुदान असते आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी असतात. विचारले, तर ‘वरून पैसे आले नाहीत’ एवढेच उत्तर. कधी आले, कशावर गेले, कुणालाच सांगता येईना.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे हे समितीचेच काम. पण बहुतेक आया कामावरून धावतपळत येतात, रजिस्टरवर सही करून निघतात. त्यांना दोष कसा देणार? हिशेब त्यांच्यापुढे कुणी वाचतच नाही.

दर तीन महिन्यांनी जमा किती, खर्च किती, हे मराठी-गुजरातीत शाळेच्या दारातल्या फळ्यावर लिहा. आणि त्याआधी ती कडी बसवा.

— एक आजी, दांडिया बाजार, बडोदे